अकरा महिन्यांचा पत्ता

श्टुटगार्ट,
रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई,


‘फोनवर नको, लिहून पाठव, सभेत वाचून दाखवायचंय,’ असं तुम्ही बजावलंत म्हणून हा पत्रप्रपंच. विषय तुमच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे इतिवृत्तात उतरवायला सोपं जाईल. जिन्यातून दुधाच्या पिशव्या नाहीशा होतात म्हणून सोसायटीने कॅमेरे बसवले. सोसायटीच्या नावावर इंटरनेट नाही, म्हणून कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, सेक्रेटरींच्या हॉलमध्ये टीव्हीखाली, आणि जोडणी त्यांच्या घरच्या ब्रॉडबँडला. आता कॅमेरेवाला म्हणतो, मोबाइलवर चित्र बघायचं तर स्टॅटिक आयपी घ्यावाच लागेल, त्याचे वर्षाचे पैसे वेगळे. आणि खजिनदार म्हणतात, ते पैसे सेक्रेटरींनीच भरावेत, कारण आयपी त्यांच्या घरी राहणार.

खजिनदारांना उत्तर द्यायचं काम आईवर सोपवते. आयपीचं मी बघते.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर. चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला. बाबा, तुम्ही गिरगावात पागडीच्या खोलीत राहिलात आणि डोंबिवलीत आल्यावर समोरच्या ब्लॉकमधले भाडेकरू दर अकरा महिन्यांनी करारासाठी धावताना पाहिलेत, तेव्हा तुम्हाला हे लगेच कळेल. स्टॅटिक म्हणजे पागडी. नंबर एकदा मिळाला की पैसे भरत असेपर्यंत तोच. डायनॅमिक म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. कंपनीकडे नंबरांचा साठा असतो, राउटर सुरू झाला की त्यातला एक मोकळा नंबर मुदतीने मिळतो. निम्मी मुदत उलटली की राउटर आपण होऊन ‘वाढवून द्या’ म्हणून विचारायला लागतो, आणि बहुतेक वेळा तोच नंबर पुढे चालतो. लाइट गेले, राउटर बराच वेळ बंद राहिला, की तुमची खोली दुसऱ्याला गेलेली असू शकते. काही कंपन्यांकडे तर प्रत्येक नव्या जोडणीला नवा नंबर, अशीच पद्धत. डोंबिवलीत लाइट जातात की नाही, हे सभासदांना मी इथून सांगायला नको.

तळमजल्यावरचे काका उठून विचारतील, ‘मग सगळ्यांनाच कायमचे नंबर का देत नाहीत?’ द्यायला उरलेत कुठे? चार आकड्यांच्या नंबरांची ही पद्धत ठरली 1981 साली. तिच्यात नंबर होतात 429 कोटी, आणि तेव्हा जगाची लोकसंख्याच साधारण 450 कोटी होती. म्हणजे माणशी एक पहिल्या दिवसापासूनच पुरत नव्हता, पण घरोघरी कॉम्प्युटर येईल, फोनला आणि टीव्हीला नंबर लागेल, हे कुणाच्या स्वप्नात होतं? जगाचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपला. युरोपचं वाटप ॲमस्टरडॅमहून होतं, तिथलं शिल्लक खातं 25 नोव्हेंबर 2019 ला शून्यावर आलं. आता जुने नंबर बाजारात चक्क विकले जातात. तेव्हा कंपनी स्टॅटिकचे वेगळे पैसे मागते, त्यात लबाडी नाही, टंचाई आहे. ते पैसे आपण द्यावेत का, हा प्रश्न वेगळा.

आता इथली गंमत. जर्मनीत माणसाने घर बदललं की दोन आठवड्यांत सरकारी कचेरीकडे नवा पत्ता नोंदवायचा, हा कायदा. घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव हवंच, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. आणि याच देशात आमच्या इंटरनेट कंपनीचा नियम असा की दर चोवीस तासांनी लाइन एकदा मुद्दाम तोडायची आणि जोडताना नवा नंबर द्यायचा! घरगुती गिऱ्हाइकाने घरातूनच दुकान चालवू नये, सर्व्हर टाकून बसू नये, म्हणून डीएसएलच्या काळात ही प्रथा पडली. कित्येक कंपन्यांनी ती सोडली, आमच्या कंपनीने जपली.

आई, आठवतं ना, आम्ही या घरात आल्यावर तुझा व्हिडिओ कॉल रोज रात्री एकाच वेळी कापला जायचा? तू जावयांवर संशय घेतलास. तुझं म्हणणं, ‘मी त्यांच्या नोकरीचा विषय काढते, तेव्हाच बरा कॉल तुटतो.’ तुझ्या जावयांनी संध्याकाळी ऑफिसातून येऊन राउटर पहिल्यांदा जोडला होता, आणि चोवीस तास त्या घटकेपासून मोजले जात होते. इथे घरोघरी फ्रिट्झबॉक्स नावाचा राउटर असतो, बर्लिनच्या कंपनीचा. त्याच्या पानावर एक छोटी चौकट आहे: लाइन तोडायची ती पहाटे अमुक ते अमुक या वेळात तोडावी. तिथे तीन ते चार निवडलं आणि संसार सावरला. आता रोज पहाटे आम्ही झोपेत असताना आमचा पत्ता बदलतो, आणि तू त्यांच्या नोकरीचा विषय शेवटपर्यंत काढू शकतेस.

बदलत्या नंबराचे इतरही भोग आहेत. एकदा सकाळी जो नंबर मिळाला, त्यावर आधीच्या कुणीतरी काहीतरी उद्योग करून ठेवलेले होते. त्यामुळे तुमच्या नातवाला त्याच्या खेळाच्या साइटने दारातूनच हाकललं. मागचा भाडेकरू उधारी बुडवून जातो आणि वाणी आपल्या दारात उभा राहतो, त्यातला प्रकार. पोराने आकाशपाताळ एक केलं. राउटर बंद करून चालू केला, नवा नंबर आला, वाणी गेला.

पण फायदाही आहे, आणि इथल्या लोकांना तो फार प्यारा. नंबर बदलत राहिला की कुठल्याही वेबसाइटला केवळ नंबरावरून तुमच्या पाठी लागणं अवघड जातं. पॅट्रिक ब्रायर नावाच्या एका राजकारण्याने, सरकारी वेबसाइट माझा आयपी नंबर साठवून ठेवतात, म्हणून खुद्द जर्मन सरकारवर दावा लावला. तो लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 19 ऑक्टोबर 2016 ला निकाल लागला की नंबर बदलता असला तरी, त्यावरून माणूस शोधून काढायचा कायदेशीर मार्ग वेबसाइटवाल्याच्या हाती असेल, तर तो नंबर म्हणजे वैयक्तिक माहितीच. आपल्याकडे पार्किंगच्या पट्ट्यावरून इतक्या चिकाटीने भांडणारे आहेत, तेव्हा त्या गृहस्थांबद्दल सभेला आपुलकी वाटेल असा माझा अंदाज.

आता मुद्द्याचं. कॅमेरेवाल्याला पैसे देण्याआधी एक तपासणी करा. डीव्हीआरचा नंबर 192.168 ने सुरू होतोय का बघा. बहुधा होईलच. तो घरातल्या घरात वापरायचा नंबर, लाखो घरांत तोच असतो, बाहेर त्याला कुणी विचारत नाही. मग राउटरच्या पानावर जाऊन त्याला कंपनीकडून बाहेरचा कुठला नंबर मिळालाय तो लिहून घ्या. पान कसं उघडायचं ते वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला विचारा, त्याची फी म्हणजे आईच्या हातचे पोहे. त्यानंतर घरच्याच वायफायवरून गूगलला विचारा, ‘माझा आयपी काय?’ दोन्ही नंबर एकच निघाले तर ठीक. वेगळे निघाले, आणि राउटरवरचा 100.64 ते 100.127 यांच्यात कुठेतरी बसत असला, तर समजा की कंपनीने अख्ख्या चाळीला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण नाही. पण बाहेरून येणारा पाहुणा चाळीच्या दाराशी येऊन थांबतो, कारण कुठली खोली हे त्याला सांगणार कोण? आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. म्हणून कॅमेरेवाल्याचं बोलणं अगदीच खोटं नाही. अशा चाळीत राहून बाहेरून थेट घरात शिरायचं, तर स्वतंत्र पत्ता घ्यावाच लागतो.

पण थेट शिरायचं कशाला? हल्लीच्या बहुतेक डीव्हीआरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. बनवणाऱ्या कंपनीचं ॲप मोबाइलवर घ्यायचं, कोड स्कॅन करायचा, झालं. डीव्हीआर स्वतः आतून बाहेर फोन लावतो, तुमचा मोबाइलही तिथेच फोन लावतो, आणि दोघांची गाठ पडते. घरचा नंबर रोज बदलला तरी यात कुणाचं काही अडत नाही. एक खोट आहे: मधला मध्यस्थ कॅमेरे बनवणारी कंपनी असते, तिच्यावर विसंबावं लागतं. दुधाच्या पिशव्यांपुरतं मला ते चालेल. बँकेच्या तिजोरीचं चित्र असतं तर चाललं नसतं.

स्टॅटिक कुणाला लागतो म्हणाल, तर घरी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्याला. किंवा ज्याचं ऑफिस ‘अमुक नंबरावरूनच आत घेऊ’ म्हणतं त्याला. तुमच्या जावयांना काही दिवस हा जाच होता. पहाटे नंबर बदलायचा, सकाळी ऑफिसचं दार बंद, मग नवा नंबर कळवून अर्धा तास वाट बघायची. शेवटी ऑफिसनेच व्हीपीएन, म्हणजे आत यायची खासगी वाट, दिलं आणि घरचा नंबर कुणी विचारेनासं झालं.

आता जरा घाबरवते, कारण त्याशिवाय सभा शांत बसत नाही. कायमच्या नंबरावर कॅमेरा उघडा ठेवला की जग दिवसरात्र दार ठोठावतं. 2016 साली मिराय नावाचा एक किडा पसरला. इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर तो शोधायचा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असला की आत शिरायचा. असली हजारो यंत्रं जमवून त्या वर्षी 21 ऑक्टोबरला डाइन नावाच्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. ही डाइन कंपनी नावारूपाला आली होती ती बदलत्या नंबराच्या घरांना एक कायमचं नाव देण्याच्या सेवेमुळे! पुढच्याच महिन्यात त्याच किड्याच्या भावंडाने इथे जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या जवळजवळ 9 लाख गिऱ्हाइकांचे राउटर आडवे केले.

तेव्हा ठराव असा मांडा: स्टॅटिक आयपी नको, ॲप वापरावं, डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदलावा, आणि चित्र बघायची मुभा फक्त समितीतल्या तिघांना असावी. शेवटचा मुद्दा ताणून धरा, बाबा. सगळ्यांच्या मोबाइलवर जिना आला, तर पिशव्यांचा चोर राहील बाजूला आणि कुणाची सून किती वाजता घरी आली याचीच चर्चा गणपतीपर्यंत पुरेल. इथे सामाईक जिन्यात कॅमेरा लावायचा म्हटलं तर भाडेकरू थेट कोर्टात जातात. जिना झाडायची पाळी मात्र आमच्यावर आठवडाभर असते, दारावर तशी पाटीच लटकते. आज ती आमच्या दारावर आहे, म्हणून आवरतं घेते.

तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
चिंगी

ता. क. : नवा पासवर्ड सोसायटीचं नाव आणि पुढे 123 असा ठेवू नका. आणि ठेवाल तो, सर्व सभासदांच्या माहितीसाठी म्हणून, खाली नोटीस बोर्डावर लावू नका. मी सेक्रेटरींना ओळखते.