रात्रपाळीचा वाचक

पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्राम लिहिणारा दिवसा लिहितो, एसीत बसून, चहाचे घोट घेत. वाचणारा तो रात्री अडीचला वाचतो. पॅनलचं दार उघडं, लॅपटॉप उलट्या बादलीवर आणि पाठीशी प्रॉडक्शनचे साहेब, दर दोन मिनिटांनी "किती वेळ लागेल?" विचारायला. एवढा आतुर वाचक आमच्या कुठल्याही कवीला मिळालेला नाही.

खरं तर पीएलसी याच वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून जन्माला आली. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग रिलेंच्या कपाटांना वैतागला होता. उत्पादनात बदल झाला की वायरिंग नव्याने करा! डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने उपाय काढला. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव मोडिकॉन ०८४. त्यातली शहाणपणाची गोष्ट म्हणजे लॅडर. आत कॉम्प्युटर असला तरी पडद्यावर मात्र इलेक्ट्रिशियनच्या ओळखीचं रिलेचं ड्रॉइंग: दोन उभ्या रेषा आणि मधे कॉन्टॅक्ट-कॉइलच्या पायऱ्या.

पुढे १९९३ च्या आयईसी मानकाने प्रोग्राम लिहिण्याच्या पाच भाषांना मान्यता दिली आणि हुशार मुलांना मोकळं रान मिळालं. चोवीस कन्व्हेअर? एक लूप, एक पॉइंटर, सहा ओळी, संपलं. असा कोड पाहिला की मलाही दाद द्यावीशी वाटते, खोटं कशाला बोलू.

मग सतराव्या कन्व्हेअरचा प्रॉक्सी सेन्सर ग्रीसने माखतो. वायरमन ड्रॉइंगवरून त्याचा पत्ता काढतो, क्रॉस-रेफरन्समध्ये टाकतो. उत्तर येतं, हा पत्ता प्रोग्राममध्ये कुठेच नाही! असणार कसा, तो लूप फिरताना आयत्या वेळी तयार होतो. ऑनलाइन जाऊन पाहावं, तर एका स्कॅनमध्ये चोवीसही होऊन जातात आणि पडद्यावर उरतो तो चोविसावा. तो बिचारा ठणठणीत असतो.

"म्हणूनच आपण साधं लिहितो," असं म्हणणारेही एक असतात. त्यांनी लॅडरची एकच पायरी चोवीस वेळा कॉपी-पेस्ट केलेली असते आणि सतराव्यात इंटरलॉक सोळाव्याचाच राहिलेला असतो. हा साधेपणा नव्हे, नुसता कंटाळा. त्यापेक्षा कन्व्हेअरचा एकच ब्लॉक करावा, आत लॅडर ठेवावं, आणि तो चोवीस वेळा ज्याच्या त्याच्या नावाने आणि पत्त्याने बोलवावा. दिसायला अगदी मिळमिळीत. मुलाखतीत दाखवण्यासारखं त्यात काही नाही, आणि अप्रेझलमध्ये न आलेल्या फोनचे गुण धरत नाहीत.

राहता राहिल्या कॉमेंट्स. तीनशे मिलिसेकंदांच्या टायमरशेजारी हमखास लिहिलेलं असतं, 'टायमर, तीनशे मिलिसेकंद'. अहो, ते दिसतंय! तीनशेच का, ते ज्याला माहीत होतं तो दुबईला गेला. आता त्या टायमरला हात लावायची कोणाची छाती नाही.

मेंटेनन्सवाले मात्र स्वतःचं साहित्य निर्माण करतात. पॅनलच्या दारावर, आतल्या बाजूने, जाड मार्करने: 'सतरा अडकला तर मेन बंद, दहा मोजा, चालू.' खाली वेगळ्या अक्षरात दुरुस्ती: 'वीस मोजा.'