आकडे राखण्याची रीत

माणदेशात मेंढरं राखायची तर पायात दम लागतो. आकडे राखायला तेवढंही लागत नाही. माणगंगेचं पात्र वर्षातले बरेच महिने कोरडं, म्हणजे पाटी फुकट. बाभळीची काडी घ्यावी आणि वाळूत एक आकडा लिहावा.

समजा ४७. चार आणि सात अकरा. ते त्याच्यातच मिळवावेत. झाले ५८. पुन्हा तेच करावं: ७१, ७९, ९५, १०९. कळप आपला पुढंच चालतो, कुणाच्या ज्वारीत शिरत नाही. ही रीत देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर द. रा. कापरेकर यांची.

हाकणं सोपं, घाम फुटतो तो आकड्याची आई शोधताना. ४७ ची आई ३७, ती लगेच सापडते. ५३ ची शोधून पाहा. तिशीतले आकडे जास्तीत जास्त ५१ पर्यंत पोचतात. चाळिशीतले सगळे समसंख्येवर जाऊन पडतात. पन्नाशीतला पहिलाच ५५ वर उडी मारतो. मधल्या फटीत ५३ एकटा उभा. अशा बिनआईच्या आकड्यांना कापरेकरांनी १९४९ साली नाव दिलं, स्वयंभू. शिखर शिंगणापूरच्या वाटेवर राहणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. शंभराच्या आत असे तेरा आहेत. बाकीचे बारा तुम्हीच हुडका, दुपार मोठी असते.

आता धोक्याची सूचना. एकदा मी याच १९४९ ला हाकायला घेतलं. अंकांची बेरीज २३, पुढचा मुक्काम १९७२! काडी हातातच राहिली. खडी फोडायला गेलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना त्या सालाची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढं १९९१, २०११, मग २०१५ (पुन्हा दुष्काळ), मग २०२३ (त्या साली पावसानं काय केलं, आठवत असेलच). पारावर सांगितलं तर लोक पंचांग मिटून माझ्यापुढं बसले असते. पण २०१२ चं काय? त्या दुष्काळात म्हसवडला जनावरं छावणीत होती, आणि आमचा कळप २०११ वरून थेट २०१५ ला गेला, त्या सालाकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा या रीतीनं पाऊसपाणी सांगू नये.

२०२३ च्या पुढचा आकडा २०३० आहे. कडबा मात्र आधीच घेऊन ठेवा.