जांबाची स्मूदी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात शहाणी माणसं हळद लावतात. मी निवृत्तीनंतर परसात जांब लावला. पुण्या-मुंबईचा पेरू तो हाच. जात सरदार. तिचं दुसरं नाव लखनौ-४९, पण निवड झाली १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत. ही माहिती मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, म्हणून येणारे कमी झालेत.

थंडीत झाड एकदम पिकलं. जांब दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. तशात वसमतहून इवाई, म्हणजे आमचे व्याही, आले. त्यांना फोडी, मीठ, तिखट द्यावं, तर माझ्यातला आधुनिक माणूस जागा झाला. म्हटलं, स्मूदी करू.

"अहो, गाळून घ्या बरं," ही म्हणाली.

"फायबर जातं त्यानं!" मी जांब, दही, गूळ भांड्यात टाकून मिक्सर पूर्ण वेगात सोडला. जांबाचं बी अख्खं गिळलं तर कुरकुर करत नाही. दळलं की मात्र त्याची थेट कयाधू नदीची रेती होते.

इवायांनी मोठा घोट घेतला. हळदीच्या भावावर तासन् तास बोलणारा माणूस गप्प झाला. मला वाटलं, चव लागली. मी उत्साहानं सांगू लागलो की संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व जांबात असतं. ते मान हलवत होते. नंतर कळलं, ते जिभेनं कवळी सावरत होते.

"काडी हाय का वो?" एवढंच बोलले आणि मोरीकडे गेले. तिथून बराच वेळ खळखळून चुळा भरल्याचा आवाज येत होता. मी तोवर दुसरा ग्लास भरला. बाहेर आल्यावर त्यांनी तो पाहिला आणि एकदम गाडीची वेळ विचारली.

शेवटी हिनं उरलेलं पातळ फडक्यातून गाळलं, काळं मीठ आणि जिरेपूड घातली. इवाई ग्लासभर प्यायले, आणि "वैनी, झ्याक झालंय," म्हणाले. झाड माझं, हे त्यांना सांगायचा मोह मी आवरला. जात तर सांगितलीच नाही.

तुम्ही करणार असाल तर मिक्सर थांबून थांबून फिरवा, म्हणजे बी फुटत नाही. मग गाळा. आणि पाहुण्याला दातांविषयी आधी विचारा.