हरकतीचा मुद्दा

सार्वजनिक वाचनालयाला ग्रंथपाल नसला तर एक वेळ चालते. घटनाकाका मात्र असतातच. त्यांचे खरे नाव रजिस्टरात असेल, सभेत ते कोणी घेत नाही. वर्षभर ते येतात ते वर्तमानपत्रापुरते. पुस्तकांशी वैर नाही, पण साऱ्या वाचनालयात त्यांना तोंडपाठ असलेले पुस्तक एकच, संस्थेची घटना.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लागली की काका बोटांवर दिवस मोजतात. नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही, मधले पुरे चौदा भरतात का? भरले की जरा हिरमुसतात.

सभेला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. मांडीवर निळी फाइल, तीत घटनेची झेरॉक्स. हक्कांच्या पानावर लाल रेघांची इतकी गर्दी की अक्षर दिसत नाही. समोरचे कर्तव्यांचे पान कोरे करकरीत. साडेपाचला गणसंख्या भरत नाही. मग अध्यक्ष सभा अर्धा तास तहकूब करतात आणि सहाला त्याच जागी, त्याच माणसांनिशी ती कायदेशीर होते. झाडून साऱ्या संस्थांत दरवर्षी घडणारा हा चमत्कार आता कोणाला चमत्कार वाटत नाही. काकांची शंका वेगळीच: "तहकुबीत प्यायलेला चहा सभेच्या खर्चात कसा, अध्यक्षमहाराज?"

पुढे इतिवृत्त. "मी तीव्र निषेध केला होता, इथे नुसती नापसंती आहे!" मग हिशेबपत्रक, आणि त्यातला किरकोळ खर्च.

"सुतळी कशाला लागली?"

"रद्दी बांधायला."

"रद्दी विकायचा ठराव कुठाय?"

ठराव नव्हता. खरेच नव्हता. इथे काकांना मानले पाहिजे. त्यांच्या धाकाने खजिनदार रिक्षावाल्याचीसुद्धा सही घेतो. नवी कार्यकारिणी आली की धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, हे हार-नारळाच्या गडबडीत सगळे विसरतात. काका विसरत नाहीत. असा एखादा माणूस सभेत नसेल तर सुतळीची दोरी आणि दोरीचा दोरखंड व्हायला वेळ लागत नाही.

पण जुलैत छत गळले आणि कादंबऱ्यांची कपाटे हलवायला माणसे हवी होती, तेव्हा चिटणिसाच्या फोनवर काका म्हणाले, "सभासदांच्या कर्तव्यांत कपाट हा शब्द दाखवा, लगेच येतो." बरे, तुम्हीच चिटणीस व्हा म्हटले, तर "मी समितीत गेलो तर समितीला जाब कोण विचारणार?" याला उत्तर नाही. कपाटे शेवटी कॉलेजच्या चार पोरांनी हलवली. त्यातली दोन तर सभासदही नव्हती.

गेल्या निवडणुकीच्या सभेत काका मतपत्रिकेच्या नमुन्यावर हरकत घ्यायला उठले, तेव्हा सहचिटणीस मुलगी फाइल घेऊन उभी राहिली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे कलम १५ तिने शांतपणे वाचले: तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली असेल त्याला मत नाही, आणि त्याला सभासदांत मोजायचेही नाही. मग वर्गणीचे पुस्तक उघडले. काकांची पावती शेवटची फाटली होती ती मागच्या दिवाळीत.

"लेखी मागणी कुठाय?" काकांनी विचारले. तीही फळ्यावर लागलेली होती, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोरच.

काकांनी तिथल्या तिथे पाकीट काढले, पैसे मोजले आणि पावतीवर तारीख मागच्या महिन्याची घालायला सांगितली.

ती मिळाली नाही. मतदान काकांविना झाले आणि सभा पहिल्यांदाच आठच्या आत संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अर्ज आला: यापुढे सभेच्या नोटिशीत वर्गणीची शेवटची तारीख ठळक अक्षरांत छापावी. सूचना रास्त होती. समितीने ती एकमताने मंजूर केली.