रेमार्कचे हेर प्रोफेसर

जर्मनीतलं ऑस्नाब्रुक हे एरिख मारिया रेमार्कचं जन्मगाव. तिथल्या कुठल्याही परिसंवादात वक्त्याचं बोलणं संपायच्या आत एक हात वर जातो. तो आमच्या ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, प्रोफेसरांचा. “प्रश्न नाही, फक्त एक पुरवणी,” असं ते म्हणतात, आणि जेवणाची वेळ टळते.

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीचा लेखक प्रत्यक्ष आघाडीवर किती दिवस होता, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. रेमार्क जून 1917 मध्ये आघाडीवर गेला, 31 जुलैला जखमी होऊन ड्युइसबुर्गच्या इस्पितळात पोचला. तो सुटला, प्रोफेसर अजून त्याच खंदकात आहेत.

1929 मध्ये मिनोना या टोपणनावाच्या लेखकाने रेमार्क खरोखर जगला का, असा सवाल करणारं पुस्तक काढून थट्टा केली होती. प्रोफेसरांनी त्याला तळटीपांसह गंभीर उत्तर दिलं. 1930 मध्ये बर्लिनला कादंबरीवरचा सिनेमा लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर सोडले. त्या उंदरांवर प्रोफेसरांची चार पानं आहेत. 1933 मध्ये नाझींनी पुस्तकच जाळलं, ते एका ओळीत उरकलंय.

कादंबरीत केमेरिख या सैनिकाचे बूट त्याचा सोबती म्युलरकडे जातात, म्युलर मेल्यावर निवेदक पाउलकडे. माणसं संपतात, बूट टिकतात. वाचकाला एवढं पुरतं. प्रोफेसरांच्या मते ते बूट म्हणजे भांडवलशाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या मते हरवलेले वडील. या युद्धविरोधी कादंबरीपायी दोघांत कित्येक वर्षं बोलणं नाही.

एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “पाउल आपल्या जखमी मित्राला, काटला, पाठीवर घेऊन जातो आणि काट वाटेतच मरतो, तिथं मला रडू आलं.”

“कुठल्या पाठात?” प्रोफेसरांनी विचारलं. “1928 च्या वर्तमानपत्रातल्या, की 1929 च्या पुस्तकातल्या?”

बिचारीने डोळे पुसले आणि विषय बदलून घेतला.

रजेवर आलेल्या पाउलला बिअरच्या टेबलाशी बसवून, तुला फक्त तुझा कोपरा दिसतो, एकूण लढाई तुला काय कळणार, असं सुनावणारे एक हेडमास्तर कादंबरीत आहेत. प्रोफेसरांनी पोस्टमन हिमेलश्टॉसपासून खंदकातल्या घुशींपर्यंत सगळ्यांवर निबंध लिहिले. त्या हेडमास्तरांवर मात्र अजून एकही नाही.