समोरच्यांची पद्मिनी

वहिनी, राहू द्या ते वाळवण. आधी इकडे कंपाउंडपाशी या. समोर बघितलं का? काल रात्री टेम्पोतून उतरवली. हो, फियाटच, पद्मिनी. दारात दोन गाड्या उभ्या असताना ही तिसरी, आणि तीही न चालणारी. पोराची आई सांगत होती, आता तो तिला रिस्टोर करणार म्हणे. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की त्याआधी आजीचे गुडघे रिस्टोर करून घ्या.

वर साऱ्या कॉलनीत सांगत सुटलाय, व्हिंटेज आहे म्हणून. कसली व्हिंटेज! आमचे भाचेजावई गाड्यांच्या कागदपत्रांचंच काम करतात. त्यांनी सांगितलं, २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं उलटून गेलेली हवीत, आणि ती मूळ रूपात हवी. मग वीस हजार भरायचे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. एवढं करून ती रोज वापरायची नाहीच, प्रदर्शनाला नाहीतर रॅलीला न्यायची. ह्याची गाडी आहे ८६ ची. म्हणजे अजून दहाएक वर्षं तिला नुसती म्हातारीच म्हणायचं. पद्मिनी हे नावसुद्धा १९७४ पासूनचं हो. त्याआधी डिलाइट, मग प्रेसिडेंट. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हापासून ह्या पोरांना जरा जास्तच उमाळे येऊन राहिले.

मला कसं माहीत म्हणता? अहो, माहेर धुळ्याचं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यातच एकमेकांना कापतात. आमच्याकडे पोरांना पाढ्यांआधी ट्रकचे हॉर्न ओळखता यायचे. गल्लीत फियाट एकच, डॉक्टरांची. गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं आणि मांडीवर एक पोर हे ठरलेलं. तुमच्या जळगावात लग्न असलं की वऱ्हाडातली मोठी माणसं त्यात कोंबायची. मे महिन्याचं ऊन, आणि पारोळा यायच्या आत गाडी बसली म्हणून समजा. इंजिनाच्या उष्णतेनं पंपात पेट्रोलची वाफ धरायची, मग पंपावर ओलं फडकं टाकून सगळे निंबाखाली. पिण्यासाठी आणलेलं पाणी निम्मं गाडीच प्यायची! पुढे एरंडोलला चहा. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरला अर्धा दिवस. पण फियाटमधून आलो म्हणून मांडवात वेगळाच मान!

तरुण पोरांच्या हातात मात्र ती कधी यायची नाही. त्यांचं सगळं दुचाकीवर. ७३ साली ‘बॉबी’ आला आणि त्यातली ऋषी कपूरची बुटकी राजदूत पोरांच्या डोक्यात बसली. तिला कुणी जीटीएस म्हणायचंच नाही, सरळ बॉबी! कानांवर केस, जमीन झाडणाऱ्या बेलबॉटम, आणि कॉलेजच्या गेटवर उगाच किका मारणं. गाडी एकाची, पेट्रोल दुसऱ्याचं, गॉगल तिसऱ्याचा. ऐट मात्र तिघांची. तुमच्या जळगावची पोरं थंडीत भरीत पार्टीला असोद्याकडे निघाली की गाडीवर तिघं, आणि तिसऱ्याच्या मांडीवर वांग्यांची पिशवी. येझदीचा तर नखराच निराळा. किकचाच दांडा पुढे फिरवला की तोच गिअर. नवख्याला ते कळायचं नाही, आणि शिकवणाऱ्याला तेवढाच भाव खायला मिळायचा. घराघरांत आवाजावरून कळायचं कोण आलं ते. चोरून कुठे जायची सोयच नव्हती. मग ८५ ला यामाहा आरएक्स १०० आली आणि तो आवाज तर गल्लीत शिरायच्या आधीच कळायचा.

तिचंही आता ह्या पद्मिनीसारखंच. नीट राखलेल्या आरएक्सला लोक लाखाच्या वर मोजतात. राजदूत शोधतात, येझदी शोधतात, टाकीवर नवा रंग चढवून फोटो काढतात. आणि लूना? लूना कुणी रिस्टोर केलेली तुम्ही तरी बघितली का? मी नाही बघितली. आणि खरं विचाराल तर आमच्यासारख्यांचं आयुष्य तिनंच हलवलं. बॉबीवर पोरी बसल्या त्या फक्त सिनेमात. इथे कुणाच्या मागे बसलीस एवढं जरी घरी कळलं, तरी कॉलेज बंद!

आमच्याकडे लूना आणली ती भावासाठी. फिरोदियांची, ७२ ला निघालेली ती. पण तिला पेडल ना! मित्र हसतील म्हणून भाऊ हातच लावेना. महिनाभर ओसरीत उभी राहिली, शेवटी वडील वैतागून मला म्हणाले, तू घेऊन जा. मी ओढणीला गाठ मारली आणि निघाले. पेट्रोल संपलं की पेडल मारत घरी. गल्लीतल्या बायका माझ्या आईला विचारायच्या, पोरगी गाडीवर फिरून राहिली, हिची सोयरीक कशी जमेल? भावाला कोणी असलं काही विचारलं नाही, तो तर दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर असायचा. पुढे ८४ ला कायनेटिक होंडा निघाली, पिथमपूरला, आपल्या आग्रा रोडवरून सरळ वर. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. साडीतल्या मास्तरीणबाई, नर्सबाई, बँकेतल्या बाया, सगळ्या त्यावर दिसू लागल्या. त्यावर एक रॅली निघू द्या, मी पहिली येते.

हसता काय? तुमचंही आहेच की एक. भाऊजी तुम्हाला बघायला आले ते येझदीवरून ना? आणि तुमच्या वडिलांना वाटलं, मुलाकडे स्वतःची मोटरसायकल आहे. अहो, ती आमच्या मोठ्या दिरांची. त्यात पेट्रोलही त्यांनीच टाकून दिलं होतं, आणि ते पैसे अजून यायचेच आहेत. विचारा आज जेवताना.