टिपिकल की मॅक्सिमम?

डेटाशीटवाले काका तुमच्या सोसायटीतही असणारच. पंखा बंद पडला की इलेक्ट्रिशियनच्या आधी पोचतात, तेच.

आमचे काका भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. निवृत्त झाले ते डेटाशीटच्या झेरॉक्सचे गठ्ठे घेऊनच. त्यांच्या जगाला तीन रकाने आहेत: मिनिमम, टिपिकल, मॅक्सिमम. आकडा कुणीही, कशाचाही सांगो, काकांचा प्रश्न ठरलेला : “टिपिकल की मॅक्सिमम?”

मुलीच्या लग्नात केटररने विचारलं, “पानं किती?”

“मिनिमम दोनशे, टिपिकल अडीचशे, मॅक्सिमम सव्वातीनशे.”

“अहो, पण बासुंदी किती जणांची करू?”

“मॅक्सिममची. टिपिकलची हमी कंपनीसुद्धा देत नाही.”

व्याही शेजारीच उभे होते. कंपनी म्हणजे आपण, असं त्यांना अजून वाटतं.

काकांचं म्हणणं चूक नव्हतं. मिनिमम आणि मॅक्सिममच्या आकड्यांना कंपनी बांधलेली असते. टिपिकल म्हणजे बहुतेक वेळा, तेही २५ अंश सेल्सिअसला. “आणि पुण्यात २५ अंश उरलेत कुठे?” हे काका पंख्याखाली बसून विचारतात.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तापकीर गल्लीतून कपॅसिटर घेऊन आला. त्यावर १०४ छापलेलं. १०४ काय, एवढंच त्याला हवं होतं. “पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. दहावर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड. म्हणजे १०० नॅनो. म्हणजे पॉइंट एक मायक्रो.” तिन्ही एकच, हे पोराला पटेपर्यंत चहा दोनदा झाला. मग रेझिस्टर निघाला. ४.७ किलोओहम लिहिताना झेरॉक्समध्ये टिंब उडालं तर ४७ होतात, म्हणून टिंबाच्या जागीच के घालून ४के७ लिहायचं. ही युक्ती काकांना इतकी प्रिय, की वाण्याच्या यादीतही ते ‘साखर २के५’ लिहितात. वाण्याने एकदा दोन किलोची पाच पाकिटं पाठवली.

“पण काका, १०४ म्हणजे नक्की १०० नॅनो ना?” मुलाने जाता जाता विचारलं.

“पुढे के छापलाय बघ. हा किलोचा नव्हे, प्लस-मायनस दहा टक्क्यांचा. मिनिमम ९०, मॅक्सिमम ११०...”

मुलगा हल्ली सॉफ्टवेअरमध्ये आहे.

पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरने गुळगुळीत पुस्तिका वाटली. आम्ही गच्चीवरच्या बागेचं चित्र बघत होतो, काका भिंगातून तळटिपा. “ताबा ३० महिन्यांत,” बिल्डर म्हणाला. काका उठले. सभा एका सुरात कण्हली.

“टिपिकल की मॅक्सिमम?”

“काका, साधारण धरून चाला.”

“म्हणजे टिपिकल. मॅक्सिममचा रकाना कोरा दिसतोय.”

तो भरेपर्यंत काकांनी सही केली नाही. सेक्रेटरी त्यांना विकासाचा शत्रू म्हणाले, लिफ्टमध्ये लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहू लागले. काका लिफ्टवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचत राहिले. शेवटी करारात ओळ आली : मॅक्सिमम ३६ महिने, त्यापुढे भाडं दुप्पट.

ती मुदत कधीच उलटून गेली. इमारत अजून सहाव्या मजल्यावर आहे, पण दुप्पट भाडं दर महिन्याला खात्यात पडतं. काकांच्या वाढदिवसाला यंदा सेक्रेटरी स्वतः केक घेऊन गेले. माणूस लाखमोलाचा आहे, हे मान्य करायला आमच्या जिवावर येतं. कारण लाख म्हटलं की ते पुढचा प्रश्न विचारणार.

शेजारच्या सोसायटीने टिपिकलवरच सह्या केल्या होत्या. त्यांच्या इमारतीच्या जागी आता खड्डा आहे आणि खड्ड्यात पावसाचं पाणी. काका रोज सकाळी काठी बुडवून ते मोजतात आणि वहीत उतरवतात. मिनिमम आणि टिपिकल भरून झालेत. मॅक्सिममसाठी ऑगस्टपर्यंत थांबू म्हणतात.